देगलूरच्या व्याह्यांचं आवतन

अख्ख्या मराठवाड्यात माझ्या देगलूरच्या व्याह्यांइतकं सभ्य आवतन देणारा माणूस झाला नाही, आणि त्यांच्या आवतनाला कुणी पोटभर जेवून आल्याचंही फारसं ऐकिवात नाही. ही गोष्ट लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. सांगितली खूप वेळा, पण ती हसायची गोष्ट म्हणून. लग्नघरात, सतरंजीवर मांडी घालून, सुपारी कातरता कातरता सांगावी तशी. आमच्या दोन्ही घरांत ती सगळ्यांना पाठ आहे आणि मी सांगितली की जास्त रंगते असं म्हणतात. ती खोटी आहे. खरी कशी घडली ते ठाऊक असलेली दोनच माणसं होती. त्यातलं एक आता नाही.

व्याह्यांचं देगलूरच्या बाजारात कापडाचं दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, गळ्यात मोजपट्टीची टेप आणि समोर कोण येतंय याकडे लक्ष. देगलूर म्हणजे तीन मुलखांची शीव. पलीकडे तेलंगण, खाली कर्नाटक. गिऱ्हाईक ज्या भाषेत येईल त्या भाषेत कापड फाडायचं, हा त्यांच्या वडिलांपासूनचा दंडक. तेलुगू, कानडी, दख्खनी, मराठी, चारही भाषांत ते घासाघीस करायचे आणि चारही भाषांत हरायचे. पुढे त्यांची मुलगी माझ्या मुलाला दिली. पोरं नोकरीपायी जपानला गेली. तिथं नातू झाला, तिथंच बालवाडीत जाऊ लागला आणि फोनवर आमच्याशी मराठी सोडून जपानीत बोलू लागला. आम्ही लातूरकर कपाळावर हात मारून गप्प बसलो. व्याहीबुवांनी मात्र दंडक काढला. म्हणाले, "गिऱ्हाईक नव्या भाषेत आलं, मंग आपून शिकाय नको?"

साठी उलटलेला हा माणूस दुपारी दुकानात मंदी असली की गाठोड्यांच्या मधोमध मोबाईल टेकवून बसायचा. पलीकडून पुण्याची एक तरुण मुलगी जपानी शिकवायची. वर्ग सुरू होताना आणि संपताना ते मोबाईलला वाकून नमस्कार करायचे. एकदा वाकताना वरच्या फळीवरचं परकराच्या कापडाचं ठाण डोक्यात पडलं, तरी पूर्ण वाकूनच वर आले. शब्द पाठ करायला साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यावर लिहायचे. गिऱ्हाइकाला साडीबरोबर असा पुठ्ठा गेला तर बायाबापड्या त्याला मंत्र समजून देवापुढे ठेवायच्या, असं त्यांचा मुलगा सांगतो. तो जरा वाढवून सांगतो, पण फार नाही.

सगळी भाषा एकीकडे आणि त्यांना लागलेलं एक वेड एकीकडे. जपानी माणूस कुणाला बोलवायचं असेल तर 'चला' म्हणत नाही, 'या' म्हणत नाही. 'आपण येणार नाही का?' असं हळूच विचारतो. चहा पाजायचा असेल तर 'चहा घेणार नाही का?' एवढंच. हे ऐकलं त्या दिवसापासून व्याह्यांनी ते मराठीत सुरू केलं. नुसतं मराठीत नाही, देगलूरच्या बाजारपेठेत.

दुकानात शेजारच्या खेड्यातली बाई आली. तासभर साड्या उलगडून घेतल्या, एक पसंत पडल्यासारखी वाटली. व्याह्यांनी हात जोडून विचारलं, "बाई, ही साडी आपण घेणार न्हाईत का?" बाई ताडकन उठली. "घेणार न्हाई तर काय तुमचं त्वांड बघाया आले का?" आणि समोरच्या दुकानात जाऊन तसलीच साडी जास्त पैसे देऊन घेऊन गेली. मुलगा गल्ल्यावर डोकं धरून बसला. व्याही मात्र प्रसन्न. "बघ, किती मोकळ्या मनानं गेली. आपण आडवलं न्हाई." रिक्षावाल्याला म्हणाले, "आपण बसस्टँडला येणार नाही का?" तो म्हणाला, "का येणार न्हाई? भाड्याचीच हाय! तुमी बसून तर बघा!" आणि घरात चहाचे तर हाल. आपल्याकडची रीत अशी की पाहुण्यानं आधी 'नको नको' म्हणायचं, यजमानानं 'असं कसं' म्हणायचं, पुन्हा 'नको', पुन्हा 'घ्या हो', आणि मग कप तोंडाला लावायचा. व्याही विचारायचे, "चहा घेणार नाही का?" पाहुणा रिवाजाप्रमाणे म्हणायचा, "नको नको." व्याही मान डोलवून गप्प बसायचे. उदगीरचे पाहुणे कोरड्या घशानं परत गेलेले मी स्वतः पाहिलेत. शेवटी विहीणबाईंनी उपाय काढला. पाहुण्याची चप्पल दारात वाजली की चहा बाहेर. म्हणायच्या, "ह्यांच्या तोंडाआधी माझा कप गेला पायजे, न्हाई तर घराण्याची अब्रू जाती."

नातवाशी मात्र त्यांचं जमलं. आमच्याकडे रविवारी सकाळी फोन यायचा. नातू मला बघून "हाय आजोबा" म्हणायचा आणि मोबाईल उताणा टाकून पळायचा. मी त्यांच्या घराचं छत बघत बसायचो. त्या छताचा कोपरा न् कोपरा माझ्या ओळखीचा झाला. तोच नातू तिकडे देगलूरला फोन लागला की 'ओजीचान, ओजीचान' करत हलायचा नाही. ओजीचान म्हणजे आजोबा. व्याही त्याला अत्यंत अदबीनं विचारायचे, 'आपण माझ्याशी खेळणार नाही का?' पोरगं हसून लोळायचं. सूनबाई सांगायची, "बाबा, लहान पोराशी असं कुणी बोलत नाही. तुम्ही त्याला साहेबासारखं विचारता." व्याही म्हणायचे, "मंग सायबच हाय की माझा!"

माझी बायको हे सगळं मला ऐकवायची. "ते बघा कसे बोलतेत. तुम्ही नुसता हातच हलवा." ती गंमतीनं म्हणायची. मला ते लागायचं. मी लातूरच्या आडत बाजारात जन्म काढलेला माणूस, तोंडाच्या जोरावर पोट भरलेलं, आणि माझ्या नातवाशी बोलायला मला तोंड नव्हतं. नातू तर माझ्या घराण्याचा. ही जळजळ मी कुणाला दाखवली नाही. पण ती होती, आणि पुढचं सगळं तिच्यातूनच आलं.

एकदा नायगावला एका लग्नाहून परत येताना आम्ही दोघं मागच्या सीटवर शेजारी होतो. मी चेष्टेनं म्हणालो, "व्याही, तुमच्या त्या 'येणार नाही का'नं लोक रुसून बसायलेत. सरळ 'या' म्हणायला काय जातं?" ते खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पाव्हणं, आपल्याकडं आवतन म्हंजे दोरी हाय. गळ्यात टाकायची आन् वढायचं. समोरच्याला न्हाई म्हणाया जागाच ठेवत न्हाई आपून. ते लोक दार उघडं ठेवतेत. आत याया बी, आन् जाया बी."

"आणि यायचं नसेल तर?"

"तर 'जरा…' म्हणायचं आन् गप बसायचं. 'त्या दिवशी जरा…' एवढंच. समोरचा समजून घेतो. परत इचारत न्हाई. परत इचारणं म्हंजे त्याला खोटं बोलाया लावणं." मग कुणावर रोख नसलेल्या आवाजात म्हणाले, "पोरीच्या बापाला न्हाई म्हणाया कधी जागाच नसती, पाव्हणं. म्हणून मला ही भाषा लई गोड वाटायली."

त्यांच्या मुलीच्या लग्नात आमच्याकडून वाढत गेलेली वऱ्हाडाची यादी, ऐन वेळी मागितलेलं दुसरं जेवण, सगळं मला आठवलं. मी खिडकीची काच वर केली आणि वारा लागतो म्हणालो.

करोनाच्या काळात पोरांचं येणं राहिलं, त्यामुळे नातवाचं जावळही राहून गेलं. तो आला तेव्हा चांगला मोठा झाला होता आणि केस पाठीवर आले होते. तिघं हैदराबादला उतरले आणि आधी देगलूरला गेले, कारण ते जवळ. तिथूनच मुलाचा फोन आला. जावळ इथंच करू, मामाची मांडी इथंच आहे, आणि पोरगं इथं रमलंय, दिवसभर ओजीचानच्या मागं मागं असतं. मुलगा सरळ मनानं बोलला. मी 'बरं' म्हणालो. फोन ठेवल्यावर घरात येरझाऱ्या घातल्या. जावळ लातूरला, आमच्या अंगणात व्हावं, हे मी मनात धरून ठेवलं होतं. मला कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्याही स्वतः आवतन द्यायला आले. एसटीनं, उदगीरवरून, उन्हातान्हाचे. माझी बायको औशाला बहिणीकडे गेली होती. घरात मी एकटाच. त्यांना पाणी दिलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पायाशी कापडी पिशवी होती. तिच्यातून टॉवेल-टोपीची घडी दिसत होती आणि तिच्याखाली हिरव्या साडीचा काठ. आवतनाचा मान घेऊन आले होते. रीत अशी की तो आधी हातात द्यायचा, कुंकू लावायचं, मग कुणाची छाती होते नाही म्हणायची? त्यांनी पिशवीला हात लावला नाही. आधी विचारलं.

"पाव्हणं, येत्या सोमवारी पोराचं जावळ हाय. आपण सगळे देगलूरला येणार न्हाईत का?"

मला अक्षर न् अक्षर समजलं. ते किती आर्जवानं विचारतायत तेही समजलं. रस्त्यातली सगळी वळणं हा माणूस हेच वाक्य घोळवत आला असणार. आणि मी त्यांच्याकडे बघत म्हणालो, "सोमवारी जरा…"

त्यांनीच मला शिकवलेलं होतं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग लगेच मान हलवून म्हणाले, "हाव, हाव. कामं असतेत माणसाला." कारण विचारलं नाही. थोडा वेळ पावसापाण्याचं बोलले आणि उठले. पिशवी तशीच उचलली. मान हातात ठेवला असता तर माझ्यावर जोर झाला असता, आणि जोर करायचा नाही हा त्यांचा नेम. मी दारापर्यंतही गेलो नाही.

माझा हिशोब काय होता तेही सांगून टाकतो. बाजारात 'नाही' हा सौद्याचा शेवट नसतो, सुरुवात असते. त्यांनी नेम मोडावा, हात जोडावे, पुन्हा यावं, गाडी पाठवावी, असं मला हवं होतं. रुसलेल्या व्याह्याला गाडी पाठवून आणतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. माझ्यासाठी त्यांनी एकदा आपली भाषा सोडावी, एवढंच मला बघायचं होतं.

बायको औशाहून आली. मी म्हणालो, "देगलूरचे येऊन गेले. टॉवेल-टोपी नाही, साडी नाही, कुंकवाचं बोट नाही. म्हणाले, 'येणार नाही का?' जसं काही आपण येऊच नये."

"बया! मानाचं आवतन असं असतंय व्हय?" ती म्हणाली, आणि तिथं ही हसायची गोष्ट जन्माला आली.

मुलाचा फोन आला. त्यालाही मी तेच सांगितलं. त्यानं ते तसंच सूनबाईला सांगितलं. नंतर काय झालं ते मला पुढे सूनबाईच्या भावानं सांगितलं. सांगताना आपण काय सांगतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. सूनबाई बापासमोर उभी राहून रडत होती. "बाबा, काय बोललात तुम्ही तिथं? मान का दिला नाही?" 'तुझ्या सासऱ्यांनीच नाही म्हटलं' एवढं बोलून व्याही सुटले असते. तसं म्हटलं असतं तर तिच्या घरात भेग पडली असती. ते म्हणाले, "मला बोलवता आलं न्हाई, बाई. चूक झाली."

"मग आता गाडी पाठवू?" त्यांच्या मुलानं विचारलं.

"नको. त्यांना अडचणीत आणू नको."

सोमवारी मी पहाटे आंघोळ केली. इस्त्रीचे कपडे घातले. गाडी पुसून घेतली. बायको म्हणाली, "कुणीकडं?" मी म्हणालो, "कुठं नाही." आणि ओट्यावर बसलो. उदगीरकडून येणारी प्रत्येक गाडी आपल्या दाराशी वळेल असं वाटत होतं. ऊन ओट्यावर चढलं, मग उतरलं. तिकडे नातवाचे केस कधीच उतरले होते. पाहुण्यांत कुजबुज झाली, लातूरकडचं एक माणूस नाही, मुलीच्या बापानं म्हणे धड बोलवलं नाही. व्याही पंगतीत प्रत्येकापुढे हात जोडत फिरत होते.

पोरं जपानला परत गेली. जाताना सूनबाई बापाला म्हणाली, "बाबा, आता पुरे ते जपानी. माझ्या सासरी मला तोंड दाखवायला जागा ठेवा." ते "हाव" म्हणाले आणि खरंच सोडलं. वर्ग बंद केला. पुठ्ठे रद्दीत गेले. दुकानात ते चारचौघांसारखे "घ्या की हो मावशी, घ्या, सोडू नगा" करू लागले. चहाचा आग्रह करू लागले. लोक म्हणाले, म्हातारा ताळ्यावर आला. नातवाशी मराठीत बोलू लागले. त्याला कळेना. थोड्याच दिवसांत तो त्यांनाही "हाय आजोबा" म्हणून मोबाईल उताणा टाकून पळू लागला. आता दोन आजोबा दोन गावांत बसून एकच छत बघत होते. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं, बरोबरी.

मग ते आजारी पडले. नांदेडच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो. त्यांचा मुलगा औषध आणायला खाली उतरला आणि खोलीत आम्ही दोघंच राहिलो. खाटेवरचा माणूस निम्मा झाला होता. मला म्हणाले, "पाव्हणं, चहा घ्या. असं कसं, घ्याच." त्यांच्या तोंडी तो आग्रह ऐकून मी खुर्ची खाटेजवळ ओढली. मी म्हणालो, "व्याही, त्या जावळाच्या वेळी मी…" त्यांनी हात वर केला. "झालं ते गेलं. पोरगी सुखात हाय न्हवं? मंग बस." माझी मान खाली होती. वर बघायला हवं होतं, पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. तेवढ्यात नर्स आली, मुलगा आला, चहा आला. मी चहा प्यालो. पुढच्या पंधरवड्यात ते गेले.

आमच्यात गेलेल्या माणसामागं गणाराधनेचं जेवण घालतात. देगलूरला त्या दिवशी पंगती उठल्यावर लोक त्यांच्या आठवणी काढत बसले. रिक्षा निघाली, चहा निघाला, साडी निघाली. कुणीतरी म्हणालं, "लातूरकर, तुमच्या आवतनाची सांगा की." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नाही म्हणू शकलो असतो. मी सांगितली. लोक डोळे पुसत हसले. विहीणबाई पदराआडून हसल्या. माझ्या आयुष्यात मी इतकी चांगली कधीच सांगितली नव्हती.

गेल्या रविवारी सूनबाईचा फोन आला. नातू आता मोठा झालाय. तो तिला विचारत होता, ओजीचान आपल्याशी बोलायचे ते मध्येच का थांबले? काय सांगावं तिला कळेना. ती रडायला लागली. म्हणाली, "मी बाबांना फार बोलले हो." आणि मग मलाच धीर देऊ लागली, "तुमचा एवढा अपमान झाला, पण तुम्ही कधी मनात ठेवलं नाही. माझ्या बाबांना सांभाळून घेतलंत." मी "असू दे, असू दे" म्हणत राहिलो. फोन ठेवला आणि लिहायला बसलो. हे लिहिलेलं पहिल्यांदा तिलाच पाठवणार आहे. वाचून ती माझ्याशी बोलेल की नाही, मला माहीत नाही. न बोलली तरी तिच्या बापावरचा बोल उतरेल. तो तिनंच ठेवला होता, माझ्या शब्दावर.

तिला सांगायचं ते सांगून झालं. त्यांना सांगायचं राहिलं. दवाखान्यात माझ्या जिभेवर होतं ते एवढंच: व्याही, तुम्ही मला बोलवलं होतं. माझ्या जन्मात मला इतक्या मानानं कुणी बोलवलं नाही. मी आलो नाही, आणि तुम्ही बोलवलंच नाही असं जगाला सांगितलं. तुमच्या तोंडची भाषा माझ्यामुळं गेली, तुमचा नातू तुमच्यापासून लांब गेला. माझं चुकलं. मला माफ करा.